शीड प्रेक्षकाच्या हाती द्या

महोदय,

लोथल येथे राष्ट्रीय सागरी वारसा संकुलाचे काम चालू आहे. तिथे मोठे पडदे आणि टचस्क्रीन येतीलच. पण शिडाचे जहाज कसे चालते, हे दोरी हातात घेतल्याशिवाय उमगत नाही. इंग्लंडमध्ये फालमथच्या सागरी संग्रहालयात लहान शिडाच्या नौका आतल्याच तलावात रिमोटने चालवता येतात. लोथलला याच्याही पुढे जाता येईल.

फिरत्या चौथऱ्यावर माणूस बसेल एवढी होडी ठेवावी आणि एका बाजूने पंख्यांचा वारा सोडावा. वारा होडीला पुढे किती ढकलतो आणि आडवे किती, हे दाखवणारे दोन काटे समोर असावेत. नवखा माणूस दामण, म्हणजे शीड ओढून धरणारी दोरी, गच्च आवळून बसतो. मग आडवा काटा चढतो, पुढचा पडतो. दामण शिडाची पुढची कड फडफडेपर्यंत सोडायची आणि फडफड थांबेल इतकीच ओढायची. पुढचा काटा झटकन वर येतो, तो क्षण मुलांना कुठल्याही फलकापेक्षा जास्त शिकवील.

त्याच डोलकाठीवर आधी त्रिकोणी, मग चौकोनी शीड चढवू द्यावे. आजची त्रिकोणी शिडाची होडी वारा येतो त्या दिशेशी साधारण ४५ अंशांपर्यंत जाते. चौकोनी शीड त्याच्या बरेच आधी हार मानते. अजिंठ्यातल्या चित्रावरून बांधलेली, काथ्याने शिवलेली, चौकोनी शिडांची नौदलाची नौका ‘कौंडिण्य’ पोरबंदरहून मस्कतला डिसेंबरअखेरीस का निघाली, ते इथे आपोआप कळेल. त्या दिवसांत ईशान्येचा वारा असतो आणि या वाटेवर तो बाजूने, जरासा मागून मिळतो.

शेजारी फळ्या शिवण्याचे टेबल हवेच. भोके पाडलेल्या दोन फळ्या, सांध्यावर नारळाच्या काथ्याची वळी आणि वरून काथ्याची दोरी. टाका सैल राहिला, तर वरून पाणी ओतताच सांधा गळतो.

अशी दालने बहुधा देखभालीअभावी बंद पडतात. पंख्याचा वारा पिळा घेत येतो, म्हणून पुढे नळ्यांची जाळी लागते. समोर भिंत जवळ असली तर तो उलटून शिडावर येतो. कप्पी लहान असेल तर दोरी लवकर विसकटते. शिडाखालचे आडवे लाकूड डोक्याला लागू नये म्हणून त्याला गादी आणि अडदोर, म्हणजे ते एकदम फिरू न देणारी दोरी, हवा. हे सगळे रोज तपासायला पगारी, शिडावर काम केलेला खलाशी नेमावा आणि त्याची तरतूद निविदेतच करावी.

— काही वाचक, मालवण