वादळी ढग काळे नसतात

महोदय,

जून लागला की शाळाशाळांतून चित्राला ‘पावसाळा’ हा विषय दिला जातो, आणि मुलं काळ्या पोस्टर कलरची बाटली उघडून अख्खं आभाळ सारवून टाकतात. बक्षिसंही अशाच चित्रांना मिळतात, याचं वाईट वाटतं. रंग देण्याआधी मुलांना जॉन कॉन्स्टेबलचे ढग दाखवावेत, ही कळकळीची विनंती.

१८२१ आणि १८२२ मध्ये या इंग्रज चित्रकारानं लंडनच्या वेशीवरच्या हॅम्पस्टेडला नुसत्या आभाळाचे ढीगभर अभ्यास केले. कागदावर, तैलरंगात, ढग हलायच्या आत भराभर. मागच्या बाजूला हवेची नोंद. ५ सप्टेंबर १८२२ च्या एका नोंदीत सकाळचे १० वाजलेत, तोंड आग्नेयेला, वारा पश्चिमेचा आणि जोराचा, पिवळसर पट्ट्यावरून करडे ढग वेगानं धावताहेत. चित्राचा मूळ सूर आभाळच ठरवतं, असं त्यानं १८२१ च्या एका पत्रात लिहिलं होतं. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान-अभ्यासकानं ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस ही नावं दिली, त्याला तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती.

वादळी ढगाला अंग असतं. तळ बराचसा सपाट, वर फुलकोबीसारखे गड्डे, आणि पूर्ण वाढला की माथा ऐरणीसारखा पसरतो. त्याची उंची कित्येक किलोमीटर. थेंबांवर आपटून बराचसा उजेड वर आणि बाजूला विखुरतो, तळाशी फार थोडा पोचतो, म्हणून तळ गडद. तोच ढग लांबून, उन्हाच्या बाजूनं पाहिला तर पांढराशुभ्र दिसतो. काळा रंग फासला की हा उजेडाचा हिशेबच पुसला जातो.

जलरंगात असं करावं. ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) कागद, अल्ट्रामरीन निळा दोन भाग, बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग एक भाग. निळा वाढवला तर करडा थंड, सिएना वाढवला तर उबदार. उजेडाची कड कोरडी, कोरीच ठेवायची. बाकी कागद ओला करून, पाणी चमकत असतानाच तळाचा रंग सोडायचा. वाळल्यावर तो फिका पडतो, म्हणून हवा त्याहून गडद घ्यावा. चकाकी गेली की ब्रश खाली ठेवायचा. कागद दमट असताना पाण्यानं भरलेला ब्रश टेकवला, तर पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि कातरलेल्या कडांचे डाग उमटतात. मुलांचं आभाळ बहुतेक वेळा इथेच बिघडतं.

सरींसाठी कॉन्स्टेबलचं ब्रायटनच्या समुद्रावरच्या पावसाचं चित्र पाहावं. क्षितिज अगदी खाली, आणि ढगातून खाली ओढलेले गडद रंगाचे उभे फटकारे. एकही थेंब सुटा काढलेला नाही.

स्पर्धेच्या आयोजकांनी एवढं करावं: चित्रामागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहायला लावावी. ती लिहायची तर मुलांना खिडकीशी जावं लागेल.

– एक कलाशिक्षक, सातारा