धाकटीच्या फोनबद्दल

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर जे बोललास त्याचे उत्तर तेव्हाच देता आले असते. पण धाकटी शेजारी बसली होती आणि तिच्यादेखत तिच्याविषयी वाद घालणे मला बरे वाटले नाही, म्हणून लिहिते आहे. घरात बाबांचा फोन आहे, तोच तिने वापरावा, स्वतःचा फोन बारावीनंतर बघू, असे तुझे म्हणणे. तुला स्वतःचा फोन दहावीच्या सुट्टीत मिळाला होता, एवढी आठवण करून देते आणि पुढे जाते.

घरात फोन असणे आणि तो मुलीच्या हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या २०२३ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना याबद्दल विचारले होते. जवळजवळ ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. मात्र ज्यांना तो वापरता येत होता, त्यांच्यापैकी स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलांकडे होता आणि मुलींपैकी अवघ्या १९.८ टक्क्यांकडे.

आपल्या घरी याचा अर्थ काय झाला, तेही सांगते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. धाकटी तालुक्याला नेट कॅफेत अर्ज भरायला बसली, ओटीपी गेला बाबांच्या फोनवर, आणि बाबा विहिरीवरच्या मोटरीपाशी, जिथे रेंज लागत नाही. दोनदा ओटीपीची मुदत उलटून गेल्यावर कॅफेवाल्याने स्वतःचाच नंबर टाकला, पासवर्डही त्यानेच ठरवला आणि चिठ्ठीवर लिहून दिला. पुढे पसंतीक्रम बदलायचा झाला, यादी बघायची झाली, की त्याच्याच दारात उभे राहावे लागले. मुलीची माहिती परक्याच्या हाती जाईल ही तुझी भीती खरी आहे. पण ती गेली, ती तिच्याजवळ फोन नव्हता म्हणून.

माझे स्वतःचे शिकणे तू पाहिले आहेस. २०२१ साली मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी भरायचे पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आले, तेव्हा आम्हा अंगणवाडी सेविकांपैकी बऱ्याचजणींना मोबाइलवर हिरवे बटण दाबून फोन उचलण्यापलीकडे काही येत नव्हते. प्रशिक्षण झाले, ते डोक्यावरून गेले. खरे शिकले ते रात्री भांडी आवरल्यावर, वजनाच्या रकान्यात चुकून उंची भरून, मग ती कशी पुसायची हे शोधून, पुन्हा भरून. मागे उभे राहून "लवकर आटप, मला फोन हवाय" म्हणणारे कोणी नव्हते. बाबांचा फोन अर्धा तास मागून घेतलेल्या मुलीला ही मोकळीक कधीच मिळत नाही. ती नेमके काम उरकते आणि फोन परत देते. आणि नेमके काम उरकण्यापुरतेच तिला येते.

आता तुझ्या भीतीविषयी, कारण ती मी उडवून लावत नाही. कोणी खोटे खाते काढील, फोटो उचलून त्यात फेरफार करील, धमक्या देईल, हे सगळे होते. पण त्याच 'असर' पाहणीत असेही आढळले की खाते खासगी कसे ठेवायचे, एखाद्याला ब्लॉक कसे करायचे, ही माहिती मुलांपेक्षा मुलींना कमी आहे. ज्यांना जास्त धोका, त्यांनाच ती कमी! शिवाय काही वाईट घडले तर फोन काढून घेतला जाईल, हे ठाऊक असलेली मुलगी घरात तोंड उघडत नाही, एकटीच सोसते. मी धाकटीला आधीच सांगून ठेवले आहे की तसे झाले तर स्क्रीनशॉट काढायचा, काही पुसायचे नाही, मला उठवायचे आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची. फोन जप्त होणार नाही, हे वचन मी दिले आहे. ते तूही पाळायचे आहेस.

नियम असावेत, याला माझी ना नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी ७ वाजता भोंगा होतो आणि दीड तास साऱ्या गावाचे टीव्ही-मोबाइल बंद असतात. तो नियम मला पटतो, कारण तो सरपंचालाही लागू आहे. २०१९ साली गुजरातेत बनासकांठ्यातल्या ठाकोर समाजाच्या काही गावांनी ठराव केला, त्यात मोबाइलवरची बंदी होती ती फक्त अविवाहित मुलींना. आपल्या घरी पहिल्या प्रकारचा नियम चालेल. जेवताना चौघांचेही फोन कपाटावर, तू घरी आलास की तुझासुद्धा.

फोन बाबा आणि मी मिळून घेणार आहोत, त्याची काळजी करू नकोस. तुझ्याकडे मागणे वेगळेच आहे. नुसत्या मोबाइलवर बघणे होते; टायपिंग, एक्सेलचा तक्ता, प्रोग्रॅम लिहिणे याला कीबोर्ड लागतो, आणि 'असर'च्याच आकड्यांप्रमाणे लॅपटॉप किंवा संगणक असलेली घरे शंभरात जेमतेम नऊ. सुट्टीत ती एमएस-सीआयटी करणार आहे. पण वर्गातला तास संपल्यावर घरी सराव कशावर करणार? नवा घेतल्यापासून तुझा जुना लॅपटॉप खोलीवर पडून आहे. बॅटरी टिकत नाही म्हणाला होतास. वायर लावून चालला तरी पुरे. दिवाळीला येताना चार्जरसकट घेऊन ये आणि तुझे सगळे त्यावरून काढून टाक. नवे खाते तिच्या नावाने उघडून दे. पासवर्ड तिचा तिला ठरवू दे, आणि तो तिला विचारू नकोस.

तुझी,
आई