चिऊचा तलाव बंद करू नकोस

ब्रिस्बेन, ३ मे

प्रिय दादा,

आईला आणि सौ. वहिनींना सा. न.

तुझा मेसेज वाचला. जूनपासून चिऊची दहावी, म्हणून तलाव बंद. त्यात वर्षभर तिची ५० मीटरची वेळ २९ सेकंदांच्या खाली येत नाही, मग पहाटे उठवून शिवाजी पार्कला पळवायचं तरी कशाला, असं वहिनींचं म्हणणं. फोनवर या विषयावर आपल्या दोघांचाही आवाज चढतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की पोहणं कमी कर, बंद करू नकोस.

आधी अडकलेल्या वेळेबद्दल. चौदा-पंधराच्या वयात मुलींचं अंग भरतं, उंची वाढते, पाण्यात शरीराचा तोल बदलतो. आदल्या वर्षी सहज जमणारा स्ट्रोक पुन्हा बसवावा लागतो. इथल्या क्लबात संध्याकाळच्या बॅचला मी हे दर सीझनला बघते. आईवडिलांना वाटतं पोरीची धाव संपली, आणि नेमक्या त्याच वेळी पोरी सोडून जातात. वाईट वाटतं रे, कारण स्प्रिंटमध्ये, म्हणजे छोट्या वेगाच्या शर्यतींत, खरी ताकद त्यानंतरच येते. स्वीडनची सारा शोस्ट्रम पॅरिस ऑलिंपिकला ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइल दोन्ही जिंकली तेव्हा तिशीत होती. टोकियोच्या आधी, २०२१च्या फेब्रुवारीत, बर्फावर घसरून तिचं कोपर मोडलं होतं, तरी त्याच उन्हाळ्यात तिने ५०चं रौप्य घेतलं. आणि अमेरिकेची डारा टॉरेस! २००८ला बीजिंगमध्ये ४१व्या वर्षी ५० मीटरचं रौप्य, वेळ २४.०७. सुवर्ण घेणाऱ्या ब्रिटा स्टेफनची २४.०६. मग पंधराव्या वर्षी कसला निकाल लावताय?

आता अभ्यासाच्या वेळेचा प्रश्न. चिऊचे सर तिच्याकडून लांब पल्ल्यांच्या मुलांइतकेच मीटर काढून घेतात असं ती सांगते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी असंच चालतं. पण अर्ध्या मिनिटाच्या शर्यतीला लागतो तो जोर, आणि थकलेल्या अंगाने रोज शंभर लॅप मारून जोर वाढत नाही. इथला कॅमरन मॅकएव्हॉय बघ. २०१६ला रिओत गेला तेव्हा १०० मीटरमध्ये त्या वर्षीचा जगातला सर्वांत वेगवान होता, आणि फायनलला सातवा आला. टोकियोनंतर बराच काळ तो पाण्यापासून लांबच राहिला. परतला तो वेगळ्याच पद्धतीने. पोहणं अगदी थोडं, पण पूर्ण वेगात. बाकी वजनं, पुलअप, भिंती चढणं. २०२३ला फुकुओकात ५० मीटरचा विश्वविजेता झाला, २१.०६ सेकंदांत. पुढच्या वर्षी पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण, वयाच्या तिसाव्या वर्षी. त्याच्यासारखं सगळं चिऊने करायचं नाही, तिचं वय वेगळं आहे, पाया अजून पक्का व्हायचाय. पण आठवड्याला तीन सकाळी, तासभर नीट, एवढं दहावीत सहज बसतं. क्लास संध्याकाळीच आहे ना?

तिने पाठवलेला व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. ब्लॉकवर, म्हणजे उडी मारायच्या ओट्यावर, तिच्या मागच्या पायाचा चवडा फळीला नीट टेकतच नाही, त्यामुळे रेटा अर्धाच मिळतो. पाण्यात शिरताना गुडघे दुमडतात. पुढे चार वेळा श्वास घेते आणि दर श्वासाला डोकं वर येऊन कंबर खाली जाते. ५०मध्ये दोन श्वास पुरेत तिला, पुढे एकावर यायचं. आणि शेवटी भिंत दिसली की हात लांब करून तरंगत जाते! तिथे अजून अर्धा स्ट्रोक बाकी असतो. २९मधला मोठा भाग मला इथेच सांडलेला दिसतो. हे सुधारायला जास्त मीटर लागत नाहीत, बघणारं माणूस लागतं.

वीरधवल खाडेची जकार्ताची शर्यत तिला दाखव. २०१८, एशियाड, ५० मीटर. सकाळी हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, २२.४३, राष्ट्रीय विक्रम. फायनलला २२.४७, आणि कांस्य गेलं २२.४६ला. त्या वेगात शतांश सेकंद म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर. मला अजून ती शर्यत बघवत नाही. पण तुला सांगायचंय ते पुढचं. कोल्हापूरचा हा मुलगा सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१०ला एशियाडचं कांस्य आणलं, मग तहसीलदार झाला. नोकरीत सराव मागे पडला, तरी परत आला आणि सव्वीसाव्या वर्षी स्वतःची सगळ्यात वेगवान वेळ दिली. २०२३ला गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने आणि त्याच्या बायकोने, ऋजुताने, दोघांनीही ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं. नोकरी, संसार, पोहणं, सगळं एका आयुष्यात बसलं.

वहिनींना सांग, मार्कांची काळजी मलाही आहे. फेब्रुवारीत, बोर्डाच्या आधी, पाणी पूर्ण बंद ठेवा, माझी काही हरकत नाही. परीक्षा झाली की पुढच्या मे अखेरपर्यंत तिला पुन्हा सुरू करू दे. दप्तराच्या ओझ्याने खांदे पुढे आलेत तिचे. रबर बँडचे व्यायाम मी तिला वेगळे पाठवते, ते घरीच होतील.

सरांशी तू बोल. तिच्यासमोर नको, आणि तक्रारीच्या सुरात तर नकोच. फक्त विचार की स्टार्ट आणि फिनिशला आठवड्यातून एक सकाळ देता येईल का. ते काय म्हणाले ते रविवारी कळव, मी दुपारी घरीच आहे.

तुझी,
मनू