कवितेची चिरफाड आणि बोटांवरची अक्षरं

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुम्ही एका वाचकाचं पत्र छापलंत, की शाळाकॉलेजात कवितेची चिरफाड करतात म्हणून पोरांना कवितेचा कंटाळा येतो, कविता नुसती अनुभवायची असते वगैरे. वाचलं आणि राहवेना म्हणून हे लिहितेय, जरा लांबलं तर कात्री लावा.

पंधराएक वर्षांपूर्वी मी फ्रान्समधल्या एका युनिव्हर्सिटीत फ्रेंच साहित्य शिकायला गेले होते. इथे फ्रेंचमध्ये कायम पहिली-दुसरी, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होतीच. तिथे 'एक्स्प्लिकासियाँ द तेक्स्त' नावाचा प्रकार असतो, म्हणजे एक कविता घ्यायची आणि वर्गासमोर ती आधी मोठ्याने वाचून मग ओळीओळीने उलगडायची. मला फ्रेंच कवी रँबोचा 'दरीतला झोपलेला' हा सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, आला, १८७० च्या ऑक्टोबरातला, फ्रान्स-प्रशिया युद्ध चालू होतं तेव्हाचा, आणि लिहिणारा पोरगा तेव्हा जेमतेम सोळाचा. मी उभी राहिले आणि दहा मिनिटं धाडधाड बोलले, की हिरवी दरी आहे, ओढा आहे, एक सैनिक गवतात झोपलाय, शेवटी कळतं तो मेलाय, कवीला युद्धाचा तिटकारा आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, हे आम्ही सगळ्यांनी वाचलंय, आता कवितेबद्दल बोला. २० पैकी ७. शेऱ्यात एकच शब्द, 'पाराफ्राझ'. म्हणजे कवीने जे म्हणलंय तेच आपल्या शब्दांत परत सांगणे, आणि तिकडे याच्याइतकं मोठं पाप नाही. (तिकडे २० पैकी १४ पडले तर पोरं पेढे वाटतील, पण ७ म्हणजे ७च.)

आणि मला दहावीपर्यंत तेवढंच तर शिकवलं होतं! 'कवी म्हणतात की' ने सुरुवात, संदर्भासहित स्पष्टीकरण, खाली गाईडातलं पाठ केलेलं रसग्रहण. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य असे कप्पे पाडून, आणि कविता बदलली तरी वाक्यं तीच.

मग बाईंनी मला अक्षरं मोजायला बसवलं. फ्रेंचमधली अलेक्झांद्रँ ओळ १२ अक्षरांची, अभिजात साच्यात सहाव्यानंतर यती, म्हणजे क्षणभर थांबा. आपल्यासारखं लघु-गुरू नाही, नुसती मोजणी, पण गोम शब्दाच्या शेवटच्या मुक्या 'अ' मध्ये. बोलताना तो गिळतात, कवितेत मात्र पुढे व्यंजन आलं की तो मोजायचाच. फ्रेंच कवी बोदलेरच्या अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्यावरच्या कवितेची पहिलीच ओळ बघा, सू-व्हाँ-पुर-सा-म्यू-झे, ले-झॉ-म-दे-कि-पाज. त्यातला 'म' बोलताना जवळजवळ ऐकूच येत नाही, पण तो सोडला तर ओळ लंगडी. मी आठवडाभर चुकत होते आणि एका रात्री होस्टेलच्या किचनमध्ये भांडी घासताना ट्यूब पेटली, अगं हे तर आपलंच आहे! सुं-द-र-ते-ध्या-न, उ-भे-वि-टे-व-री. सहा आणि सहा. आपण 'सुंदर' म्हणताना शेवटचा 'अ' गिळतो, 'ध्यान' चा पण गिळतो, पण अभंगात ती अक्षरं पुरी मोजतो, नाहीतर चार चरणांचा ६-६-६-४ चा हिशोब बसणारच नाही. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मला कळतं, पण त्या रात्रीपासून फ्रेंच कविता मला परकी वाटली नाही एवढं खरं.

त्यानंतर तो सॉनेट परत वाचला. पहिल्या ओळीत 'त्रू', म्हणजे भोक किंवा खळगा, हा शब्द येतो, तिथे हिरवळीचा खळगा अशा अर्थाने. पुढे सैनिकाचं वर्णन दोन ओळी चालतं, तोंड उघडं, डोक्यावर काही नाही, मान निळ्याशार गवतपाल्यात, आणि 'दॉर', झोपलाय, हे क्रियापद मुद्दाम ढकललंय सातव्या ओळीच्या तोंडाशी. ते तीनदा येतं. इतक्या वेळा झोपलाय झोपलाय सांगतात तेव्हा शंका यायला हवी ना? मग आजारी मुलासारखं हसू, त्याला थंडी वाजतेय, फुलांच्या वासाने नाकपुडी हलत नाही. अर्थात नाही हलणार, श्वासच नाही. आणि शेवटच्या ओळीत सहावं अक्षर परत 'त्रू', तिथे यती, मग 'रूज', लाल. फ्रेंचमध्ये रंग नामाच्या मागून येतो, त्यामुळे आधी दोन भोकं, क्षणभर थांबा, आणि मग लाल. पहिल्या ओळीतला हिरवा खळगा शेवटी पोराच्या उजव्या कुशीत उघडतो. हे मला कळलं ते मोजल्यामुळे. आधी दहा वेळा 'अनुभवली' होती तेव्हा नुसतं वाईट वाटलं होतं, त्या दिवशी घशाशी आलं.

म्हणून पत्रलेखकांना सांगावंसं वाटतं की आपल्याकडे कवितेची चिरफाड होते कुठे? चिरफाड करायला निदान हात तरी लावावा लागतो. आपण गाईड उघडतो. फ्रेंच पद्धतीत पण साचेबंदपणा आहे, प्रस्तावना अशीच हवी, मग कवितेचे भाग, मग मध्यवर्ती प्रश्न, तिथली पोरं पण त्याला वैतागतात, बारावीच्या आधीच्या वर्षी बोर्डाच्या तोंडी परीक्षेत हेच असतं त्यांना. पण कविता आधी मोठ्याने वाचायची, यती कुठे आली, वाक्य ओळीबाहेर कुठे सांडलं, एवढं बघितल्याशिवाय अर्थाला हात घालायचा नाही हा नियम मला आजही पटतो, आणि त्याला एक रुपया खर्च नाही.

परवा भाचा अभंगाचं रसग्रहण पाठ करत बसला होता. वही मिटायला लावली, म्हणलं बोटांवर मोज. 'ध्यान' ला दोन बोटं का, मी तर ध्यान् म्हणतो, यावरून तो माझ्याशी दहा मिनिटं भांडला, मग आजीला विचारून आला, मग स्वतःच गुणगुणून बघितलं. त्याला पेपरात याचा अर्धा मार्कसुद्धा मिळणार नाही.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा