ओवीशी बोलताना मध्ये जागा सोड

नौपाडा, ठाणे
रविवार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

ओवीसाठी फ्लॅशकार्डं मागवू की एखादं ॲप घेऊ, असं तू विचारलंस. दोन्ही नकोत. शब्द तिच्या कानावर दिवसभर पडतातच, घरात, लिफ्टमध्ये, ऐरोली स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांकडे. नऊ महिन्यांच्या बाळाला दोन गोष्टी हव्या असतात: पाळीपाळीनं बोलणारं माणूस आणि ती जिकडे बघते तिकडेच बघणारं माणूस. भाषा उभी राहते ती यावर.

आधी पाळीचं सांगते. मोठी माणसं गप्पा मारतात तेव्हा एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे दहा भाषांमध्ये मोजून २००९ साली प्रसिद्ध झालं. सरासरी निघाली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी लोक त्याहून झटपट, डॅनिश लोक जरा सावकाश, पण सगळ्या भाषा या सरासरीच्या अलीकडे-पलीकडे पाव सेकंदाच्या आसपासच. आता गंमत बघ. नुसतं चित्र दाखवून वस्तूचं नाव विचारलं तरी मोठ्या माणसाला तोंड उघडायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये उत्तर येतं कसं? समोरच्याचं वाक्य चालू असतानाच ते कुठे संपणार याचा आपण अंदाज बांधतो आणि आपलं उत्तर आतल्या आत जुळवायला घेतो. ऐकणं आणि बोलण्याची तयारी एकाच वेळी चालते.

ओवीला हे अजून जमत नाही. पाळी तिला कळते. दोन-तीन महिन्यांची बाळंसुद्धा आवाज काढतात, थांबतात, पुन्हा काढतात. पण नवव्या महिन्याच्या सुमारास एक उलटीच गोष्ट होते: पाच महिन्यांची असताना बाळं जेवढ्या चटकन प्रतिसाद द्यायची, त्याहून आता उशीर लावतात. आईबापांना वाटतं, ही मागे पडली की काय! तसं नसतं. आधी ती आवाजाला आवाज देत होती, आता तिला काहीतरी सांगायचं असतं, आणि त्याला वेळ लागतो.

म्हणून तू संध्याकाळी घरी आलास की असं कर. टीव्ही पूर्ण बंद, आवाज कमी करून चालणार नाही. जमिनीवर बस किंवा पालथा पड, म्हणजे तुझे डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येतील. तीन-चार शब्दांचं एकच वाक्य बोल, जरा लांबवून, चढउतार देऊन. मग गप्प राहा. मनात सावकाश पाच आकडे मोज, चेहरा तिच्याकडे ठेवून. ‘ब-ब’ म्हटलं, हात आपटला, नजर वळवली, पाय झाडले, तर ते तिचं उत्तर. ते आलं की एक-दोन सेकंदांच्या आत हस, जवळ जा, बोल. उशिरा दिलेली शाबासकी तिच्या आवाजाशी जोडली जात नाही. २००३ साली सुमारे आठ महिन्यांच्या बाळांवर याचा प्रयोग झाला. ज्यांच्या आयांना बडबडीला लागलीच हसून, स्पर्श करून प्रतिसाद द्यायला सांगितलं होतं, त्यांचे आवाज त्याच बैठकीत खऱ्या अक्षरांच्या जवळ गेले. दुसऱ्या गटातल्या आयांनीही हसणं, स्पर्श सगळं तेवढंच केलं, पण बाळाच्या आवाजाशी मेळ न घालता. तिथे असं झालं नाही.

घरोघरी बिघडतं ते इथेच. “ओवी, बघ बघ काऊ! काऊ कुठे आहे? काऊ कसा करतो? काव काव! उडाला, भुर्र!” एका श्वासात पाच वाक्यं आणि तिची पाळी एकही नाही. (तुझ्या बाबांना हे शिकवायच्या फंदात पडू नकोस. ते मोठ्या माणसांनाही पाळी देत नाहीत.)

दुसरी गोष्ट नजरेची. नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान बाळ वस्तूकडे बघतं, मग तुझ्याकडे, मग परत वस्तूकडे. पुढे बोट येतं. ओवी पंख्याकडे बघत असेल आणि तू हत्तीचं कार्ड तिच्यापुढे नाचवलंस, तर आधी तिचं लक्ष पंख्यावरून ओढून आणावं लागतं आणि शब्द तेवढ्यात निसटतो. तिची नजर जिथे आहे त्याचंच नाव घे: पंखा. दीड वर्षाच्या आसपास ती उलट तुझी नजर कुठे आहे हे तपासून शब्द कशाला लावायचा ते ठरवेल. मोबाइलकडे बघत “हा चमचा” म्हणायची सवय तोवर मोडून टाक.

बोट दाखवणं दोन तऱ्हांचं असतं, ते ओळखायला शिक. डब्याकडे बोट म्हणजे बहुधा ‘दे’. खाडीवरून जाणाऱ्या फ्लेमिंगोंकडे बोट केलं तर तिला फ्लेमिंगो नको असतो. ‘तूही बघ’ एवढंच म्हणायचं असतं. एक वर्षाच्या मुलांवरचे प्रयोग हेच दाखवतात: मोठ्या माणसानं फक्त वस्तूकडे बघितलं किंवा फक्त बाळाकडे बघून कौतुक केलं, तर मुलाचं समाधान होत नाही, ते पुन्हा बोट दाखवतं. पक्ष्याकडे बघ, तिच्याकडे बघ, एक वाक्य बोल. तेव्हा ती थांबते.

ॲपवर माझा राग उगाच नाही. २००३ सालच्याच एका अमेरिकी प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत मँडरिन ही चिनी भाषा ऐकवली. समोर माणूस बसलं होतं तिथे बाळं त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला शिकली. तेच माणूस पडद्यावर दाखवलं तर काहीच नाही. व्हिडिओ कॉलची गोष्ट वेगळी, कारण तिथे पलीकडचं माणूस उत्तर देतं. दोन-अडीच वर्षांची मुलं अशा कॉलवरून नवी क्रियापदं शिकल्याचं आढळलंय, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून नाही. मृण्मयीच्या आई कोकणीत बोलतात आणि कामाच्या मावशी हिंदीत, तर बोलू देत. मुलं त्यानं गोंधळत नाहीत. उद्या शब्द मोजायची वेळ आली तर तिन्ही भाषांतले मिळून मोजा.

पुढच्या वर्षी ती अर्धवट शब्द बोलायला लागेल तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवते. न कळल्यावर नुसतं “काय?” विचारू नकोस. जेवढं कळलं तेवढं धरून विचार: “पाणी हवंय की पोळी?” मोठ्यांच्या गप्पांतही साधारण दर दीड मिनिटाला कुणीतरी असं विचारतंच, आणि बारा भाषांच्या २०१५ मधल्या अभ्यासात दिसलं की माणसं जमेल तितका नेमका प्रश्न निवडतात. त्यानं तिला कळतं की अर्धं पोचलं, आता फक्त उरलेलं सांगायचंय.

आणि कान. बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही किंवा बोट, टाटा असं काहीच नाही; सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही; दोन वर्षांपर्यंत आपणहून दोन शब्द जोडले नाहीत; किंवा कुठल्याही वयात आलेला शब्द गेला, तर “आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात” हे कुणाचंही ऐकू नका. आधी श्रवण तपासणी. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणी आणि स्पीच थेरपी दोन्ही होतं. जन्मानंतरची ओएई चाचणी (नवजात बाळाच्या कानांची तपासणी) पास झाली तरी पुढे सर्दीनं कानात पाणी साठून ऐकू कमी येऊ शकतं, म्हणून वारंवार सर्दी झाली तर डॉक्टरांना कान बघायला सांगा. ओएईचा कागद हॉस्पिटलच्या फायलीत असेल; दोन्ही कानांपुढे ‘पास’ लिहिलंय ना, ते बघून मला कळव.

तुझी,
आई