ग्रँड आयलंडच्या पाण्यात उतरवणारा गाइड प्रशिक्षितच हवा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा सरला की गोव्यातल्या सिकेरी, नेरूलचा कोको बीच, बायणा अशा ठिकाणांहून ग्रँड आयलंड या बेटाकडे पर्यटकांच्या होड्या सुटू लागतात. डॉल्फिनदर्शन, स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचे पाहणे), गळाने मासेमारी आणि दुपारचे जेवण असे सारे एकाच तिकिटात मिळत असल्याने या सहलीला गर्दी मोठी असते. अनेक स्थानिक कुटुंबांचा उदरनिर्वाह तिच्यावर चालतो आणि तो पुढेही चालावा, अशीच माझी इच्छा आहे. म्हणूनच एक मागणी आपल्या दैनिकाद्वारे शासनापुढे ठेवतो : पर्यटकांना पाण्यात उतरवणाऱ्या प्रत्येक गाइडला सागरी जीवांविषयीचे प्रशिक्षण आणि त्यानंतरच मिळणारा परवाना सक्तीचा करावा.

आपला समुद्र लक्षद्वीपच्या लगूनसारखा नाही. तेथे बेटाभोवतीच्या प्रवाळभिंतीमुळे लाटा बाहेरच अडतात आणि आतले पाणी नितळ राहते. पाहुण्याला आपण कशावर तरंगत आहोत हे स्वच्छ दिसते. गोव्यात मांडवी आणि झुवारी गाळ घेऊन समुद्राला मिळतात, पाणी वरचेवर गढूळ होते आणि प्रवाळे बेटाच्या खडपांना धरून ठिकठिकाणी विखुरलेली आहेत. पाण्याखाली दोन-चार मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की नवख्याला प्रवाळ आणि साधा खडक यांतला फरक कळत नाही. तो सांगणारा माणूस सोबत असणे म्हणूनच आपल्याकडे अधिक गरजेचे आहे.

गेल्या हंगामात पुण्याहून आलेल्या नातेवाइकांसोबत मी या सहलीला गेलो होतो. मास्क कसा लावायचा, नळी तोंडात कशी धरायची आणि तोंडाने श्वास कसा घ्यायचा, एवढेच आम्हाला सांगण्यात आले. पाण्यात उतरताच गाइडने पावाचे तुकडे टाकायला सुरुवात केली आणि काळ्या उभ्या पट्ट्यांचे मासे क्षणात भोवती जमले. सर्वांना मौज वाटली, छायाचित्रेही छान आली. थोड्या वेळाने दमलेला एक तरुण विसाव्यासाठी एका तपकिरी उंचवट्यावर उभा राहिला. गाइडने त्याला हटकले नाही, उलट तिथेच त्याचे छायाचित्र काढले. तो उंचवटा जिवंत प्रवाळाचा होता. जवळ जाऊन पाहिले तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर शेजारी शेजारी बसलेले बारीक कप्पे स्पष्ट दिसत होते, आणि आमच्या होडीच्या नांगराच्या दोराजवळ तळहाताएवढा ताजा, पांढराशुभ्र तुटलेला भाग होता.

अशा प्रत्येक कप्प्यात एक मृदू शरीराचा जीव राहतो. त्याच्या पेशींमधले सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसते, आणि तो तपकिरी रंगही त्या शैवालाचाच. चुन्याच्या सांगाड्यावरचा हा जिवंत थर अगदी पातळ असतो, त्यामुळे पायाचा भार किंवा फिनचा (पोहताना पायात घालायच्या रबरी पंखाचा) फटकारा त्याला सोसत नाही. गोल ढिगाऱ्यासारखी वाढणारी प्रवाळे वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटरच वाढतात. म्हणजे एका नांगराने मोडलेला भाग भरून यायला कित्येक वर्षे जावी लागतात. समुद्राचे पाणी तापून प्रवाळे पांढरी पडण्याचे संकट जगभर आहेच, त्यात आपल्या हातांनी भर कशाला घालायची? पावामुळे माशांच्या खाण्याच्या सवयी बिघडतात. खडकावरचे शैवाल खाऊन प्रवाळासाठी जागा मोकळी ठेवणारे मासे आयत्या तुकड्यांमागे लागले, तर त्याचीही किंमत प्रवाळालाच मोजावी लागते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश आहे. कागदावर त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. पण होडीवरच्या कोणालाही ते ठाऊक नव्हते आणि ते त्यांना कोणी सांगितल्याचेही दिसले नाही.

दोष मी त्या गाइडांना देत नाही. त्यांपैकी बरेच जण मासेमारी करणाऱ्या घरांतले आहेत आणि भरती-ओहोटी, प्रवाह, बुडालेली खडपे यांची त्यांची जाण पुस्तकातून मिळणारी नव्हे. तिला प्रवाळांची ओळख तेवढी जोडायची आहे. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय जलक्रीडा संस्था या दोन्ही गोव्यातच आहेत. बंदर कप्तान खाते, पर्यटन खाते आणि वन खाते यांनी त्यांच्या मदतीने कोकणी-मराठीतून छोटा अभ्यासक्रम आखावा, शुल्क घेऊ नये आणि तो पूर्ण करणाऱ्यांनाच ओळखपत्र द्यावे. एका गाइडमागे किती पर्यटक असावेत याची मर्यादा ठरवावी. पाण्यात उतरण्याआधी उभे राहू नका, हात लावू नका, खाऊ घालू नका, या सूचना होडीवरच देणे बंधनकारक असावे. मद्य घेतलेल्याला पाण्यात उतरवू नये, हे तर जिवाच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे. डॉल्फिनांमागे होड्या पळवण्यालाही प्रशिक्षण-परवान्याचा हा नियम आळा घालू शकेल.

मात्र नांगराचा प्रश्न एकट्या गाइडच्या हाती नाही. होड्या बांधण्यासाठी प्रवाळांपासून दूर कायमस्वरूपी बोया (तळाशी पक्के बांधलेले तरंगते गोळे) बसवणे हे शासनाचे काम आहे, आणि स्नॉर्कलिंगच्या जागी गळ टाकण्यास बंदी घालणेही. ऑक्टोबरमध्ये पुढचा हंगाम सुरू होण्याआधी निदान या बोया बसाव्यात आणि गाइडांची पहिली तुकडी प्रशिक्षित व्हावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वास्को