सतरातले पंधरा गेले कुठं?

नाशिक, 7 जून
रात्रीचे साडेअकरा

प्रिय दत्त्या,

स. न. वि. वि. वगैरे. आईची शुगर आटोक्यात, माझा गुडघा होता तिथेच. झालं.

तुझ्या अण्णांच्या दहाव्याला आलो नाही. ऑडिट आहे असं कळवलं होतं. ऑडिट दुपारी दोनला संपलं. त्यानंतर रामकुंडावर पोचायला मला वीस मिनिटं लागली असती. आठ महिने हे वाक्य लिहायचं राहिलं आणि त्यापायी बाकीची सगळीच राहिली. चिडलास तर हक्काने चीड, पण पुढचं वाच. कारण पुढचं तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. हिला सांगितलं, तर म्हणाली, "एवढुशा वासासाठी झोप उडाली?"

तुला माहीतच आहे, शहरात मैलापाणी शुद्ध होतं म्हणजे त्यातली घाण कुजवून संपवतात. नत्र आणि स्फुरद, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस, बरंचसं तसंच पुढे जातं. पाणी दिसायला काचेसारखं, पण पानवेलींसाठी पंगत वाढलेली. पुढे त्या पानवेली तुमच्या सायखेड्याच्या पुलाला येऊन अडकतात आणि तू मला फोन करून "तुमच्या शहराने आहेर पाठवलाय" म्हणतोस. म्हणायचास. केंद्राच्या 2017 च्या निकषांत नत्र-स्फुरदाचं नावही नव्हतं. हरित लवादाच्या 2019 च्या आदेशात एकूण नत्र लिटरला 10 मिलिग्रॅम आलं, आणि तेव्हापासून आमच्या साहेबांच्या डोक्यात विजेचं खूळ आहे. जिवाणू सांभाळायला नकोत, बटण दाबा, नत्र गायब.

आधी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या. वीज सोडली की पट्टी विरघळते आणि स्फुरदाला धरून तळाशी बसते. स्फुरद बिचारं सरळ. नत्र मात्र तुझ्या मेहुण्यासारखं, कुणाबरोबरच बसत नाही. ते बहुतेक अमोनियाच्या रूपात होतं, आणि त्याचा आकडा तसूभर हलेना. मग मॅग्नेशियमची पट्टी आणली. मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट एकास एक जमले की स्ट्रुव्हाइटचे पांढरे खडे पडतात. ते खत म्हणूनही चालतं आणि सावकाश विरघळतं. म्हणजे आम के आम. एक लिटरच्या बीकरमध्ये, ढवळायला माशांच्या टाकीचा हवापंप लावून, अंबडच्या शेडमध्ये एप्रिलच्या उन्हात दिवसभर चालवलं. संध्याकाळी स्फुरद लिटरला 5 मिलिग्रॅमवरून 0.4 वर, अमोनियातलं नत्र 28 वरून 11 वर! मी साहेबांना पेढे दिले रे. अहवालात लिहिलं: 61 टक्के नत्र स्ट्रुव्हाइटच्या रूपात परत मिळालं. खाली सही. माझी.

आता तू कागद घे. घेतलाच असशील. स्ट्रुव्हाइटमध्ये 31 ग्रॅम स्फुरदामागे 14 ग्रॅम नत्र. माझं स्फुरद गेलं 4.6, त्याने सोबत नेलं तर नेलं दोन. आणि मी दाखवले सतरा.

हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तेही हिशेब करून नाही. भर दुपारी बीकरवर वाकलो आणि नाकात झिणझिण्या आल्या. बाळंतिणीच्या खोलीतल्या लंगोटांचा वास. आणि दत्त्या, शप्पथ, त्या वासात तुझा आवाज आला: "गेलं कुठं ते सांग."

ऋणाग्राकडे, म्हणजे विजेच्या ऋण टोकाकडे, पाणी अल्कधर्मी होत जातं, सामू (pH) 9.8 पर्यंत चढला होता. एवढ्या सामूला बहुतेक अमोनिया वायू होऊन बसलेला असतो, आणि वर मी दिवसभर हवा फुंकत होतो. बरं, विजेने अमोनियाचा निरुपद्रवी नायट्रोजन करायचा तर बहुतेक वेळा आधी मिठातल्या क्लोराइडपासून क्लोरीन व्हावा लागतो. इथे धनाग्र, म्हणजे मॅग्नेशियमची पट्टी, स्वतःच विरघळतंय, क्लोरीन कुठून होणार? रस्ताच बंद. मी नत्र काढलं नव्हतं, शेडच्या पत्र्याखाली सोडलं होतं.

मग गेल्या शनिवारी बीकरला बूच लावलं, बाहेर पडणारी हवा अमोनिया धरून ठेवणाऱ्या बोरिक ॲसिडच्या बाटलीतून नेली. त्यातला रंगदर्शक लालसर होता, पाऊण तासात हिरवा. संध्याकाळी तुझ्या त्या ब्युरेटने मोजलं (हो, तीच, माझ्याकडेच आहे, तू उगाच लंबूसरांच्या शिपायावर आळ घेतलास). बाटलीत तेरा. पांढऱ्या भुकटीत दोन. झाले पंधरा. राहिलेले दोन सापडत नाहीत. मी जुळवलेले नाहीत.

हे वाक्य कुणासाठी आहे ते तुला कळलं असेल. टी. वाय.ला मी टायट्रेशनची रीडिंगं जुळवली आणि तू जर्नलवर जोडीदार म्हणून सही करायला नकार दिलास, तेही सरांच्या टेबलासमोर. सहा महिने बोललो नाही आपण. एकाच मिसळीत दोन पाव बुडवणारी माणसं, वेगवेगळ्या बाकांवर! सही न करणं बरोबर होतं हे मी आज मान्य करतो. सरांसमोर करणं ही चहाडीच होती, ते मरेपर्यंत म्हणेन.

खरी धास्ती पुढेच आहे. अहवाल गिऱ्हाइकाकडे गेलाय. मोठी सोसायटी आहे, सांडपाण्याचा प्लांट तळघरात. तिथे दोन हजार लिटरची टाकी बसवायचं ठरलंय. लिटरला पंधरा मिलिग्रॅम, दोन हजार लिटर, म्हणजे रोज तीसेक ग्रॅम नत्र, अमोनिया होऊन, बंद तळघरात. वर ऋणाग्रावरचा हायड्रोजन वेगळाच. आणि प्लांट चालवणारं पोरगं, पेठ तालुक्यातलं, टाकीच्या शेजारीच खाट टाकून झोपतं. मी पाहणीला गेलो तेव्हा त्याने मला त्याच खाटेवर बसवून चहा पाजला.

साहेबांना तोंडी सांगितलं. म्हणाले, "पाण्यातून गेलं ना? निकष पाण्याचा आहे." चुकीचं नाहीत बोलले, हेच वाईट. हवेत गेलेलं कुणी मोजत नाही. वर म्हणाले पंखा लावू. पंखा लावून पाठवायचं कुठं? आज ना उद्या पावसाबरोबर खालीच येणार, आणि खाली कोण राहतं?

तुझं काय? खरड छाटणी उरकली असेल. काड्या कशा आहेत? पोरीने बारावीनंतर काय घेतलं? वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग. मोटर बदललीस का?

हे पत्र तुझ्या भाच्याच्या हाती देतोय. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर निळ्या खुणा बघत बसलो असतो. सोबत चिठ्ठीत सगळे आकडे आणि एका पुडीत ती भुकटी. खरं स्ट्रुव्हाइट किती आणि नुसतं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड किती, माझा भरवसा नाही, तेव्हा बागेत घालू नकोस. दारच्या तुळशीलाही नको, काकू मला सोडणार नाहीत. कुंडीत मिरची लाव.

बुधवारी अकराला त्या सोसायटीत बैठक आहे. दुरुस्तीचं पत्र टाइप करून ठेवलंय, 61 खोडून 7 केलेत. त्याआधी आकड्यांवर नजर टाक आणि फोन कर. शिव्या आधी, आकडे नंतर, असं चालेल. ते दोन सापडले तर आधी ते सांग.

तुझा,
सुध्या

ता. क. ब्युरेट परत मिळणार नाही.